मोटारहोममधला फ्रिज थंड होत नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोटारहोममधला फ्रिज दिसायला घरच्या फ्रिजसारखा असतो, आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. घरच्या फ्रिजचा प्लग लावला की आपलं काम संपतं. याला मात्र गाडीचा उतार, बाहेरची हवा, सिलिंडरमधला गॅस, बॅटरीची वायर अशा अनेक गोष्टींशी जमवून घ्यावं लागतं. त्यामुळे ‘फ्रिज बिघडला’ म्हणून ज्या तक्रारी होतात, त्यांतल्या पुष्कळशा तक्रारींत दोष फ्रिजचा नसतोच. तपासताना एवढंच बघत चला: उष्णता जिथे पोचायला हवी तिथे पोचतेय का, आणि जिथून निघून जायला हवी तिथून जातेय का. खालची बहुतेक उत्तरं याच दोन प्रश्नांभोवती फिरतात.

माझ्या गाडीत कोणत्या प्रकारचा फ्रिज आहे, हे कसं ओळखू?

कान लावा. बारीक घरघर ऐकू येत असेल, ती मधूनमधून थांबून पुन्हा सुरू होत असेल, तर फ्रिज कंप्रेसरचा. आवाज जवळजवळ नाहीच, पॅनेलवर ज्योत, बॅटरी आणि प्लग अशी तीन चिन्हं आहेत आणि गाडीच्या बाहेरच्या अंगाला एक खाली, एक वर अशा दोन जाळ्या आहेत, तर तो ॲब्सॉर्प्शन फ्रिज, म्हणजेच गॅस, बॅटरी आणि मेन वीज या तिन्हींवर चालणारा ‘थ्री-वे’. काही मॉडेलांत बॅटरीचा पर्याय नसतो, ती ‘टू-वे’. दोन्ही जातींच्या तपासणीत फारसं काही सारखं नाही, म्हणून हे आधी ठरवा. खालचे बहुतेक प्रश्न ॲब्सॉर्प्शनचे आहेत. कंप्रेसरवाल्यांनी सरळ शेवटाकडे जावं.

ज्योत लावून थंडावा कसा काय तयार होतो?

हे एकदा समजून घेतलं की अर्धी दुरुस्ती झाली. फ्रिजच्या मागे नळ्यांचं एक बंद जाळं असतं. त्यात अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन भरलेला असतो. तळाशी असलेल्या बॉयलरला गॅसच्या ज्योतीने किंवा विजेच्या एलिमेंटने उष्णता दिली की पाण्यात विरघळलेला अमोनिया वाफ होऊन वर जातो. सर्वांत वर, कंडेन्सरच्या पत्र्यांमध्ये, ही वाफ आपली उष्णता बाहेरच्या हवेला देते आणि तिचा द्रव होतो. हा द्रव फ्रीझरमागच्या नळीत उतरतो, तिथे त्याची गाठ हायड्रोजनशी पडते आणि तो पुन्हा वाफ होऊ लागतो. वाफ होताना तो फ्रिजच्या आतली उष्णता ओढून घेतो. मग खाली येऊन पाण्यात विरघळतो, आणि चक्र पुन्हा सुरू.

या सगळ्यात फिरणारा एकही भाग नाही. ना पंप, ना मोटर. द्रव फिरतो तो बुडबुड्यांच्या रेट्याने वर आणि स्वतःच्या वजनाने खाली. १९२२ साली स्टॉकहोममध्ये शिकणाऱ्या बाल्ट्झार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुन्टर्स या दोन विद्यार्थ्यांनी ही रचना तयार केली, १९२५ मध्ये ती इलेक्ट्रोलक्स या कंपनीकडे गेली, आणि मूळ कल्पना आजही तीच आहे. शंभर वर्षं टिकलेली रचना सहसा उगाच बिघडत नाही. तिला उष्णता मिळत नाही, उष्णता टाकायला जागा मिळत नाही किंवा ती वाकडी उभी असते, या तीन कारणांनी ती रुसते.

फ्रिज खरंच बिघडलाय का, की माझीच अपेक्षा जास्त आहे?

हाताला ‘गार लागतंय’ यावर जाऊ नका. पाण्याने भरलेला पेला मधल्या फळीवर ठेवून त्यात थर्मामीटर बुडवा आणि रात्रभर राहू द्या. हवेचं तापमान दार उघडताच बदलतं, पाण्याचं बदलत नाही. सकाळी पाणी ४ ते ५ अंश सेल्सिअस असेल तर फ्रिज ठीक आहे.

ॲब्सॉर्प्शन फ्रिज संथ असतो. चालू केल्यावर फ्रीझरच्या पत्र्याला गारवा लागायलाच एक-दोन तास जातात. पूर्ण थंड व्हायला रात्र लागते, कधी चोवीस तासही. निघायच्या तासभर आधी चालू करून त्यात बाजारातून आणलेलं कोमट सामान कोंबलं, तर संध्याकाळपर्यंत तो हरणारच. आदल्या दिवशी मेन विजेवर, म्हणजे घरच्या किंवा कॅम्पसाइटच्या प्लगवर, चालू करा आणि आत जाणारं सामान आधीच गार करून ठेवा.

फ्रिजच्या आत लावलेल्या प्लेटवर एसएन, एन, एसटी किंवा टी अशी अक्षरं असतात, तीही पाहा. हा हवामानाचा वर्ग आहे. एसएन वर्गाचा फ्रिज १० ते ३२, एन वर्गाचा १६ ते ३२, एसटीचा १६ ते ३८ आणि टीचा १६ ते ४३ अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेला असतो. एन वर्गाचा फ्रिज ४० अंशांत नीट चालत नसेल, तर त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

तपासणीची सुरुवात कुठून करावी?

मेन विजेवरून. गाडी सपाट जागी उभी करा, मेनची जोडणी द्या, थर्मोस्टॅट मोठ्यावर ठेवा आणि फ्रिजला चोवीस तास हात लावू नका. मेन विजेवर एलिमेंटला उष्णता पुरेशी आणि एकसारखी मिळते, म्हणून खरा कस तिथेच लागतो. मग हीच परीक्षा गॅसवर घ्या.

निकाल वाचणं सोपं आहे. विजेवर थंड होतो, गॅसवर होत नाही: दोष बर्नरच्या बाजूला. गॅसवर होतो, विजेवर नाही: एलिमेंट, फ्यूज किंवा वायर. दोन्हींवर होतो पण प्रवासात होत नाही: बॅटरीची बाजू. कशावरच होत नाही, पण मागे बॉयलरचा भाग चांगला तापतो: उष्णता पोचते आहे, तेव्हा एक तर मागची हवा अडली आहे किंवा कूलिंग युनिटच, म्हणजे मागचं नळ्यांचं बंद जाळंच, गेलं आहे.

हे न करता थेट सर्किट बोर्ड बदलणारे लोक खूप आहेत. बोर्ड महाग असतो, बदलायला सोपा असतो, आणि बहुतेक वेळा जुनाही चांगलाच निघतो.

गाडी सपाटच उभी असली पाहिजे का?

हो. द्रव स्वतःच्या वजनाने उतरतो, हे आठवा. नळ्यांना दिलेला उतार फार थोडा असतो. गाडी कलती झाली की द्रव एखाद्या वळणात साचतो, बॉयलरकडे परत येत नाही, आणि बॉयलर कोरडा तापत राहतो. फार तापला की पाण्यातलं सोडियम क्रोमेट, जे नळ्यांना आतून गंज लागू नये म्हणून घातलेलं असतं, त्याचे खडे बनून नळी बुजते. हे नुकसान परत भरून येत नाही. म्हणून कलत्या जागी तासन्‌तास फ्रिज चालू ठेवणं वाईट.

आजच्या बऱ्याच मॉडेलांना आडव्या दिशेने ३ अंश आणि उभ्या दिशेने ६ अंशांपर्यंतचा कल चालतो, पण दिशा गाडीची नव्हे, फ्रिजची धरायची आणि आकडा आपल्या पुस्तिकेतलाच मानायचा. जुन्या फ्रिजना याहून कमी चालतं. गवंड्याची छोटी पाणसळ फ्रीझरच्या तळावर ठेवून मोजा. गाडीच्या जमिनीवरून ठरवू नका, फ्रिज बसवतानाच थोडा तिरका बसलेला असू शकतो. चालत्या गाडीत कल सारखा बदलत राहतो, द्रव हलत राहतो, त्यामुळे घाटातला प्रवास त्रासाचा नाही. आणि फ्रिज बंद असेल तर गाडी कितीही तिरकी उभी करा, काही बिघडत नाही.

विजेवर छान चालतो, गॅसवर मात्र पेटतच नाही. का?

क्रमाने जा. सिलिंडरमध्ये गॅस आहे का, आणि सिलिंडरचा व फ्रिजच्या लाइनचा असे दोन्ही व्हॉल्व्ह उघडे आहेत का? शेगडी पेटवून पाहा. शेगडीची ज्योत जोरदार असेल तर सिलिंडर आणि रेग्युलेटरवरचा संशय बराच कमी होतो. सिलिंडर नुकताच बदलला असेल तर नळीत हवा भरलेली असते, आणि फ्रिजचा जेट, म्हणजे बर्नरला गॅस सोडणारं भोक, इतका बारीक असतो की ती हवा निघायला वेळ लागतो. शेगडी मिनिटभर चालू ठेवून नंतर फ्रिज तीन-चार वेळा पेटवून पाहा.

थंडीच्या दिवसांत सिलिंडरमध्ये काय भरलंय तेही बघा. ब्युटेन उणे अर्ध्या अंशाच्या आसपास वाफ होणं थांबवतो, प्रोपेन उणे ४२ पर्यंत साथ देतो. पहाटे फ्रिज विझतो आणि दुपारी पेटतो, अशी तक्रार असेल तर बहुधा ब्युटेनच असतो. समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरच्या वर गेल्यावरही बर्नर मधूनच विझू शकतो, कारण तिथे हवा विरळ होते. तिथे शक्य तेव्हा मेन वीज वापरावी.

आता बाहेरची खालची जाळी काढा. ठिणगीचा टकटक आवाज येतो का? येत नसेल तर पॅनेलला १२ व्होल्ट मिळतात का ते पाहा. गॅसवर चालतानाही बहुतेक नव्या फ्रिजच्या कंट्रोल बोर्डाला बॅटरी लागतेच, आणि बॅटरी साडेदहा व्होल्टच्या खाली घसरली की बोर्ड विचित्र वागू लागतो. ठिणगी पडते पण ज्योत लागत नाही, तर इलेक्ट्रोडच्या पांढऱ्या चिनी मातीला तडा गेलाय का, तो बर्नरपासून लांब सरकलाय का, हे बघा.

आणि मग बर्नर. सर्वांत जास्त उत्तरं इथेच सापडतात. बर्नरच्या वर धुराडं असतं. वर्षानुवर्षांच्या तापण्या-गार होण्याने त्याच्या आतल्या गंजाचे पापुद्रे सुटतात आणि खाली बर्नरवर पडतात. गाडी काही महिने उभी असेल तर बर्नरच्या नळीत कोळ्याने जाळं केलेलं असतं. गॅसची वाट अर्धी झाली की ज्योत लहान होते, किंवा हवा कमी पडून पिवळी होते आणि काजळी धरते. ज्योत निळी, आवाज करणारी आणि स्थिर हवी. गॅस बंद करून, सगळं गार झाल्यावर, मऊ ब्रश आणि दाबाच्या हवेने बर्नर साफ करता येतो. जेटमध्ये मात्र सुई, तार, टाचणी काहीही घालू नका. भोक केसभर मोठं झालं तरी गॅस जास्त जाऊन काजळी होते आणि विषारी कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. जेट स्वस्त मिळतो. साफ होत नसेल तर बदलून टाका.

गॅसचा दाब मोजणं आणि जोडण्या उघडणं हे गॅसचं काम जाणणाऱ्या माणसावर सोपवा. युरोपातल्या आजच्या बहुतेक गाड्यांची लाइन ३० मिलिबारची असते, अमेरिकेतली ११ इंच पाण्याच्या दाबाची. रेग्युलेटर म्हातारा झाला किंवा त्यात तेलकट चिकटा जमला की शेगडी पेटते, पण शेगडी आणि फ्रिज एकदम लावले की दोन्ही मान टाकतात.

ज्योत पेटते, पण बटण सोडलं की विझते.

हा बटण दाबून पेटवायच्या जुन्या मॉडेलांचा नेहमीचा आजार. ज्योतीत टोक धरून बसलेला थर्मोकपल तापला की काही मिलिव्होल्ट वीज तयार करतो, आणि त्या विजेवर गॅसचा सुरक्षा व्हॉल्व्ह उघडा राहतो. ज्योत लागल्यावर बटण अर्धा मिनिट तरी दाबून धरा. तरीही विझत असेल तर थर्मोकपलचं टोक खरंच ज्योतीत आहे का बघा, मागची जोडणी घट्ट आहे का बघा. दोन्ही ठीक असेल तर थर्मोकपल बदला. त्यानंतरच व्हॉल्व्हवर संशय घ्या.

मेन विजेवर काहीच होत नाही, गॅसवर मात्र उत्तम.

आधी फ्यूज आणि कॅम्पसाइटवरचा पुरवठा. मग मेन पूर्ण तोडून एलिमेंटच्या दोन्ही वायरी सोडवा आणि मल्टीमीटरने रोध मोजा. किती यायला हवा हे स्वतःच काढता येतं: व्होल्टचा वर्ग भागिले वॉट. २३० व्होल्टचा १७० वॉटचा एलिमेंट म्हणजे सुमारे ३१० ओहम. १२० व्होल्टचा ३०० वॉटचा म्हणजे ४८ ओहम. वॉट एलिमेंटवर किंवा प्लेटवर लिहिलेले असतात. मीटर अनंत दाखवत असेल तर एलिमेंट तुटलाय. एलिमेंट आणि त्याचं धातूचं कवच यांच्यात रोध दाखवत असेल तर वीज गाडीच्या पत्र्यात उतरते आहे. अशा वेळी कॅम्पसाइटचा ब्रेकर सारखा पडतो, आणि तो पडतो हे तुमचं नशीब. हा एलिमेंट पुन्हा लावू नका.

गाडी चालताना बॅटरीवर ठेवतो, तरी पोचेपर्यंत सगळं कोमट. एलिमेंट गेला का?

बहुधा नाही. बारा व्होल्टचा पर्याय मुळात थंडावा टिकवण्यासाठी असतो, नव्याने थंड करण्यासाठी नाही. त्यात वायर बारीक असेल तर तोही टिकत नाही.

गणित बघा. १७० वॉटच्या एलिमेंटला १२ व्होल्टवर सुमारे १४ अँपिअर लागतात. एवढा प्रवाह लांब आणि बारीक वायरीतून, दोन-चार कळकट जोडण्यांमधून गेला की वाटेतच व्होल्ट गळतात. एलिमेंटची ताकद व्होल्टच्या वर्गावर अवलंबून असते. म्हणजे फ्रिजपाशी १२ ऐवजी साडेदहा व्होल्ट पोचले तर ताकद जवळजवळ पाव हिश्श्याने कमी. म्हणून इंजिन चालू असताना, फ्रिज बॅटरीवर असताना, मागच्या टर्मिनलवर व्होल्ट मोजा. फ्रिज बंद ठेवून मोजलेल्या आकड्याला काही किंमत नाही. प्रवाहच नसेल तर सडकी वायरही १३ व्होल्ट दाखवते.

इंजिन बंद केलं की हा पर्याय बहुतेक गाड्यांत रिलेने, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचने, आपोआप तुटतो, आणि ते बरंच आहे. १०० अँपिअर-अवरची लेड-ॲसिड बॅटरी अर्ध्यापर्यंत वापरायची म्हटली तरी हा फ्रिज तिला साडेतीन तासांत संपवेल. रिले चिकटला तर सकाळी बॅटरी मेलेली सापडते. नव्या गाड्यांतले ‘स्मार्ट’ अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून वीज तयार करणारी यंत्रं, व्होल्ट मधूनच उतरवतात. तिथे बॅटरीसाठी व्होल्ट सारखे ठेवणारा वेगळा डीसी-डीसी चार्जर बसवला तरी फ्रिजची वायर कुठून येते ते तपासावं लागतं.

स्वयंचलित मॉडेलांबद्दल एक गोष्ट: इंजिन बंद झाल्यावर फ्रिज लगेच गॅसवर जात नाही, साधारण पंधरा मिनिटं थांबतो. पेट्रोल पंपावर ज्योत पेटू नये म्हणून ही सोय आहे. पंपावर थांबणं लांबणार असेल तर गॅस स्वतःच्या हाताने बंद करा.

तिन्हींवर चालतो, पण उन्हाळ्यात दुपारी हात टेकतो.

कंडेन्सरला उष्णता टाकायला गार हवा लागते. ही हवा खालच्या जाळीतून आत येते, तापते, हलकी होऊन वरच्या जाळीतून निघून जाते. फ्रिजच्या मागची जागा म्हणजे एक धुराडंच आहे, आणि धुराडं मध्येच रुंद झालं की ओढ जाते. कंडेन्सरचे पत्रे आणि गाडीची भिंत यांच्यात साधारण २५ मिलिमीटरच्या आत फट हवी. ती जास्त असली की हवा पत्र्यांना न शिवता बाजूने निसटते. गाडी बांधणाऱ्यांनी इथे आळस केल्याचं सर्रास दिसतं. पातळ ॲल्युमिनियमचा पत्रा वाकवून हवा कंडेन्सरकडे वळवली की फरक लगेच जाणवतो, आणि हे काम कोणालाही जमतं. फक्त गॅसच्या ज्योतीजवळ, धुराड्याजवळ प्लॅस्टिक, फोम किंवा चिकटपट्टी नको.

त्यानंतर पंखा. संगणकात असतात तसे १२ व्होल्टचे एक-दोन पंखे, हवा वर ढकलतील असे, तापमानाने आपोआप चालू-बंद होणाऱ्या स्विचसह. बर्नरच्या अगदी जवळ नको, ज्योत विझेल. हिवाळ्यात जाळ्यांवर लावायची झाकणं उन्हाळ्यात तशीच राहिलेली असतात, तीही काढा. दिवसभर ऊन ज्या बाजूला पडेल ती बाजू फ्रिजची नको, अशी गाडी वळवून लावणं हा तर फुकटचा उपाय. गाडीचं उघडं दार जाळीला चिकटून उभं राहिलं तरी हवा अडते.

दुसरीकडे, फ्रिजची मागची जागा आणि गाडीचा राहता भाग यांच्यात फट अजिबात नको. ज्योतीचा धूर त्या वाटेने आत येतो. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म गाडीत असलाच पाहिजे, यावर चर्चा नको.

फ्रीझर कडक, पण खालच्या कप्प्यात दूध आंबतंय. असं का?

दाराचं रबर तपासा. दारात कागदाची पट्टी अडकवून दार लावा आणि ओढा. सहज निघाली तर तिथून थंडावा गळतोय. चारही बाजूंनी पट्टी फिरवून पाहा. मग आतल्या पत्र्यांवरचा बर्फ. पाच-सहा मिलिमीटरचा थर जमला की तो थंडावाच अडवतो. फ्रिज बंद करून, दार उघडं ठेवून बर्फ वितळू द्या. सुरीने खरवडणाऱ्यांनी नळीला भोक पाडलेली उदाहरणं कमी नाहीत. हेअर ड्रायरनेही आतलं प्लॅस्टिक वाकतं.

सामान पत्र्यांना चिकटवून रचू नका, हवेला फिरायला वाट ठेवा. बॅटरीवर चालणारा लहान पंखा आत ठेवला तर कप्प्यातलं तापमान सारखं होतं. हे सगळं करूनही फरक वाढतच जात असेल आणि मागची हवा नीट असेल, तर कूलिंग युनिट हळूहळू निकामी होत असण्याची शक्यता आहे.

उलट आहे: सगळं गोठतंय.

आतल्या पत्र्याला टाचलेला थर्मिस्टर, म्हणजे तापमान मोजणारा छोटा भाग, निसटलाय का ते बघा. तो सुटून हवेत लोंबकळला की बोर्डाला वाटतं फ्रिज कोमट आहे, आणि तो बॉयलर तापवत राहतो. थर्मिस्टर बर्फाच्या पाण्यात बुडवून रोध मोजा. बऱ्याच मॉडेलांत तो ७ ते १० हजार ओहमच्या दरम्यान येतो, आणि हातात धरून गरम केला की उतरत जातो. उतरत नसेल तर बदला.

मागे पिवळी पूड दिसते आणि नाकाला झोंबणारा वास येतो.

दुरुस्ती संपली. पिवळं दिसतं ते सोडियम क्रोमेट, झोंबतो तो अमोनिया. म्हणजे नळीला गळती आहे. फ्रिज सगळ्या बाजूंनी बंद करा, सिलिंडर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, माणसं बाहेर काढा. आत हायड्रोजनही आहे, तो पेट घेतो, त्यामुळे काडी, सिगारेट, स्विचची चाळवाचाळव काही नको. पूड विषारी आहे, नुसत्या हाताने पुसू नका. वास काही तासांनी जातो आणि लोकांना वाटतं मिटलं. मिटलेलं नसतं, गॅस संपलेला असतो. अशी फुटलेली नळी जाग्यावर जोडून पुन्हा भरणं हे गॅरेजचं कामच नाही. नवीन कूलिंग युनिट किंवा नवा फ्रिज, एवढेच पर्याय उरतात. २००६ साली अमेरिकेत याच भागातल्या तड्यांमुळे आग लागण्याच्या धोक्यावरून लाखो फ्रिज परत मागवावे लागले होते. जुना फ्रिज वापरत असाल तर मॉडेल नंबर टाकून असं आवाहन निघालंय का, ते नक्की बघा.

फ्रिज उलटा ठेवला की पुन्हा चालतो म्हणतात. खरं का?

कधी कधी खरं. कुठल्यातरी वळणात साचलेला द्रव उलटा केल्यावर जागेवर येतो. बरेच महिने बंद राहिलेल्या फ्रिजला याने जीव आल्याची उदाहरणं आहेत. पण खडे बनून नळी बुजली असेल तर याने काही होत नाही, आणि गळती असेल तर मुळीच नाही. फ्रिज गाडीतून काढायचा, गॅसची जोडणी सोडायची, दोन माणसांनी उलटा करायचा, काही तास ठेवून पुन्हा सरळ करायचा, मग दिवसभर स्थिरावू द्यायचा, एवढी यातायात आहे. फ्रिज टाकूनच द्यायची वेळ आली असेल तर करून बघा. पहिला उपाय म्हणून करू नका.

माझा कंप्रेसरचा फ्रिज आहे. तो सुरू होतो आणि लगेच बंद पडतो.

दहातल्या आठ वेळा वायर, असं माझं मत. कंप्रेसर सुरू होताना क्षणभर जास्त प्रवाह ओढतो, बारीक वायरीत व्होल्ट पडतात आणि बॅटरी वाचवणारं संरक्षण त्याला बंद करतं. डॅनफॉसच्या, म्हणजे आताच्या सेकॉपच्या, बीडी मालिकेतले कंप्रेसर खूप गाड्यांत असतात. त्यांत १२ व्होल्टवर हे संरक्षण मूळ सेटिंगमध्ये १०.४ व्होल्टला तोडतं आणि ११.७ ला पुन्हा जोडतं. त्यांच्यासाठी वायरीचा हिशेब लक्षात ठेवायला सोपा आहे: अडीच चौरस मिलिमीटरची वायर अडीच मीटरपर्यंत, ४ ची ४ मीटर, ६ ची ६, १० ची १०.

कंट्रोल युनिटवर छोटा दिवा असेल तर त्याची उघडझाप मोजा. एकदा लुकलुकला तर व्होल्टचा प्रश्न. दोनदा, तर पंखा जास्त प्रवाह ओढतोय. पंख्याची वायर काढून पाहा, कंप्रेसर चालला तर पंखा बदला. तीनदा म्हणजे मोटर सुरू होऊ शकली नाही. बहुतेकदा आतला दाब अजून उतरलेला नसतो, काही मिनिटं थांबून बघा. चार वेळा म्हणजे कंप्रेसरवर भार इतका की किमान वेगही टिकत नाही. पाच वेळा म्हणजे इलेक्ट्रॉनिक भाग तापलाय, तिथली हवा मोकळी करा. या फ्रिजला ३० अंशांपर्यंतचा कल चालतो, त्यामुळे इथे पाणसळीची गरज नाही. पण मागच्या पत्र्यांवरची धूळ इथेही काढावीच लागते.

फ्रिज बदलायचाच असेल तर कोणता घ्यावा?

दिवसेंदिवस वीज नसलेल्या जागी राहत असाल, सोलर पॅनेल मोजकी असतील, तर गॅसवर चालणाऱ्या ॲब्सॉर्प्शनला अजून तोड नाही. उन्हाळ्यात फिरत असाल, गाडी रोज जागा बदलत असेल आणि छतावर पॅनेल व खाली बरी बॅटरी असेल, तर कंप्रेसर घ्या. सोलरवर थ्री-वेचा बारा व्होल्ट एलिमेंट चालवण्याचं स्वप्न मात्र सोडा. थंडावा तेवढाच मिळतो आणि वीज कितीतरी पट जाते.

फ्रिज वाटेत बंद पडला. आतल्या अन्नाचं काय?

दार उघडू नका. भरलेला फ्रिज बंद दाराने चार तासांपर्यंत पुरेसा गार राहतो, काठोकाठ भरलेला फ्रीझर त्याहून बराच जास्त. आत थर्मामीटर असेल तर निर्णय सोपा. मांस, मासे, दूध आणि शिजवलेलं अन्न ४-५ अंशांच्या वर दोन तासांपेक्षा जास्त राहिलं असेल तर टाकून द्या, वास येत नसला तरी. लोणी, घट्ट चीज, लोणची, कापलेली नसलेली फळं आणि भाज्या याहून तग धरतात. बंद पडलेला फ्रिज काही दिवस तसाच राहणार असेल तर आतून पुसून कोरडा करा आणि दार किलकिलं ठेवा. बहुतेक दारांच्या कडीला त्यासाठी वेगळी खाच दिलेली असते.